बाहुली मोठी करायचं औषध

२ एप्रिल १९५६, कुरुळी

लग्नात आप्पांनी ही डायरी दिली. तिच्यावर १९५४ छापलेलं आहे, त्यामुळे वार सगळे चुकीचे. आप्पा नारायणगावच्या शाळेत मास्तर. काही वाया जाऊ देत नाहीत. मुलगी बिजवराला दिली तीही बहुतेक त्याच हिशेबानं. (हा विनोद आहे. आप्पांनी वाचला तर हसतील, आई रडेल.)

तर माझं घर असं. हे, म्हणजे ज्योतीराम, पिंपरीच्या पेनिसिलीनच्या कारखान्यात कामाला. सायकलवर जातात, सायकलवर येतात, आणि मधल्या वेळात फार बोलत नाहीत. सासूबाई तानाबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते. आणि विमल, सहा वर्षांची. तिची आई जाऊन तीन वर्षं झाली. विमलचा डावा डोळा नाकाकडे बघतो. गावातली पोरं तिला ‘चाकणची चकणी’ म्हणतात. कुरुळी म्हणजे चाकण नव्हे, पण पोरांना भूगोल कोण शिकवणार?

विमल मला काहीच म्हणत नाही. काही हवं असलं की समोर येऊन उभी राहते. मग मीच ओळखायचं.

५ एप्रिल

आज भातात तीन खडे. तांदूळ आत्याबाईंनी निवडले होते. मी काही बोलले नाही, पण माझी दाढ बोलली. काल आमटीत मीठ दोनदा पडलं, तेव्हाही मी गप्पच.

आत्याबाई माझी परीक्षा बघतात असं मला वाटू लागलंय. सकाळी मी दारात उभी राहून चांगली तोंडभर हसले, तर तोंड फिरवून "कोन हाय?" म्हणाल्या. सव्वा महिना झाला मला या घरात येऊन! सुई ओवायला मला देतात आणि बोटं सुजलीत म्हणतात. त्याच बोटांनी भाकरी मात्र चंद्रासारखी थापतात.

९ एप्रिल

आज मोठी सफर झाली. एसटीनं कासारवाडीच्या फाट्यापर्यंत आणि तिथून टांग्यानं पिंपरी कॅम्पात. तिथे डॉ. लालवाणी म्हणून डोळ्यांचे डॉक्टर आहेत, फाळणीनंतर कराचीहून आलेले. मराठी बोलतात, पण ती मधेच रूळ बदलते.

त्यांना विमल दाखवायची हा हट्ट माझा. हे म्हणाले, "देवानं दिलेला डोळा आहे." मी म्हटलं, "पेनिसिलीनही देवानंच दिलं असेल, मग कारखाना कशाला काढला?" यावर ह्यांनी सायकल पुसायला घेतली. म्हणजे होकार.

डॉक्टर म्हणाले, चष्मा लागेल असं वाटतं, नंबर काढायला हवा. पण लहान मुलाचा डोळा तपासताना सारखा जोर लावतो, त्यामुळे खरा नंबर सापडत नाही. म्हणून आधी औषध घालून डोळा सैल करायचा. "बाहुली मोठी होईल, मग आम्ही आत बघणार."

हे ऐकून विमलनं काखेतली चिंध्यांची बाहुली मागे लपवली. ती मोठी झाली तर काखेत कशी मावणार, ही तिची काळजी. डॉक्टर इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसले.

मग एकदम गंभीर झाले. बाटलीवर लाल चिठ्ठी होती आणि तिच्यावर ‘विष’. मी पुढे केलेला हात मागे घेतला. म्हणाले, "घाबरू नका, विसरूही नका. दोन्ही डोळ्यांत एकेकच थेंब, दिवसातून तीन वेळा, तीन दिवस. दो नहीं. हात धुवायचे. नळीचं टोक डोळ्याला लावायचं नाही. थेंब टाकला की इथे बोट दाबून धरायचं," आणि माझ्याच नाकाच्या मुळाशी, डोळ्याच्या कोपऱ्यात, बोट टेकवून दाखवलं. "नाही तर औषध इथून नाकात, घशात, मग सगळ्या अंगात जातं. तोंड लाल झालं, अंग तापलं, तोंड सुकलं, पोरगी वेड्यासारखी बोलू लागली, तर औषध बंद आणि सीधा माझ्याकडे. बाटलीसकट."

त्यांनी माझ्याकडून सगळं म्हणून घेतलं. मी व्हर्नाक्युलर फायनलला पहिली आले होते हे त्यांना सांगायची संधी काही मिळाली नाही.

१० एप्रिल

पहिला थेंब! विमलला मांडीवर आडवी घेतली. तिनं डोळे इतके घट्ट मिटले की कान हलले. मी म्हटलं, बाहुलीला आधी घालू. बाहुलीला साध्या पाण्याचा थेंब घातला आणि कोपराही दाबला. मग विमल आपणहून झोपली. कोपरा दाबून धरला तेव्हा तिचा श्वास माझ्या मनगटाला लागत होता.

दुपारपर्यंत बाहुल्या एवढ्या मोठ्या झाल्या की डोळे काळ्या जांभळांसारखे दिसायला लागले. उजेड सोसत नाही म्हणून आत्याबाईंची छत्री घेऊन अंगणात बसली, संस्थानिकासारखी. जवळचं दिसत नाही, म्हणून भाकरीचा तुकडा ताटात शोधायला लागली तर आत्याबाई तिच्या शेजारी बसून म्हणाल्या, "हातानं चाचपून खायाचं, बाळा. सवय व्हती." भारी मायेनं म्हणाल्या. माझ्याशी कधी त्या सुरात बोलत नाहीत.

औषधावर मात्र त्यांचा विश्वास नाही. "वैद काढा दितो त्यो वाटीभर. ह्यो दाक्तर एक थेंब दितो. एका थेंबानं काय व्हनार?"

बाटली भिंतीतल्या उंच देवळीत ठेवली आहे. विमलचा हात पोचत नाही.

१३ एप्रिल

दोन दिवस लिहिता आलं नाही. आज पिंपरीत ह्यांच्या मित्राच्या खोलीवर बसून लिहिते आहे. डायरी ह्यांनी घरून आणून दिली.

११ तारखेची सकाळ ठीक गेली. दुपारचा थेंब घालून मी ओढ्यावर धुणं घेऊन गेले. परत आले तर विमल अंगणात भर उन्हात उभी. तोंड जास्वंदीसारखं लाल. मला वाटलं ऊन लागलं. हात लावला तर अंग तव्यासारखं, आणि घामाचा टिपूस नाही. ओठ कोरडे पडलेले. हवेत हात घालून काही तरी वेचत होती आणि हसत होती.

"फुलं," म्हणाली. "आई, पदर धर."

तिला तिची आई दिसत असणार. मी तिच्या आईच्या वतीनं पदर धरला. तिनं त्यात नसलेली फुलं टाकली, ओंजळी भरभरून.

तेवढ्यात शेजारच्या गोजाबाई आल्या आणि कपाळावर हात मारून ओरडल्या, "अगं बया, ह्यो तर धोतरा! माज्या म्हायेरी एकाला घातला व्हता, त्यो असाच हवेत येचत बसायचा. शेवटी सावतरपना दावलाच की गं हिनं!"

पाच-सहा बायका जमल्या. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी आत्याबाईंकडे बघितलं. त्या जोत्यावर बसल्या होत्या, पदराचं टोक तोंडात धरून. मला वाटलं, त्या म्हणतील की सून औषध घालत होती, धोतरा नव्हे. पण त्या काहीच बोलल्या नाहीत. रडायला वेळ नव्हता म्हणून रडले नाही, एवढंच.

देवळीतून बाटली काढली. बाटली अर्धीही उरली नव्हती. सकाळी तर जवळजवळ भरलेली होती! ओला पंचा विमलच्या डोक्याला गुंडाळला, तिला कडेवर घेतलं आणि नाशिकच्या रस्त्याकडे पळत सुटले. पाठीमागे पावलं वाजली. आत्याबाई होत्या, अनवाणी, गोजाबाईंच्या खांद्याला धरून. गावातल्या मालोजीची कांद्याची लॉरी पुण्याकडे निघाली होती, तिला गोजाबाईंनीच मधे उभं राहून अडवलं आणि आमच्याबरोबर त्याही चढल्या. माणूस कसा असतो बघा, मला खुनी म्हणणारी बाई आणि लॉरी थांबवणारी बाई एकच.

मालोजी थेट कॅम्पापर्यंत आला. वाटेत विमल कांद्याच्या पोत्यांशी गप्पा मारत होती. मी पंचा ओला करत राहिले. आत्याबाई तिचे तळपाय चोळत राहिल्या.

डॉक्टरांनी तिला बघितलं आणि लगेच थंड पाण्यानं अंग पुसायला लावलं, खिडकीला पडदा ओढला, नाडी धरून बसले. कुणी तरी कारखान्यात निरोप दिला, हेही धापा टाकत आले. मग डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली.

"बाई, किती घातलं?"

"एकेकच थेंब. तुम्ही सांगितलं तस्सा."

"बाटली असं सांगत नाही."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बघितलं नाही त्यांच्याकडे. ते काय विचारणार आणि मी काय सांगणार?

कोपऱ्यातून आवाज आला, "म्या घातलं."

आत्याबाई भिंतीला धरून उठल्या. "हिनं घातलं का न्हाई ते मला म्हाईत नव्हतं. पोर येऊन माज्या मांडीवर झोपली, डोळं मिटून, म्हनली थेंब. म्हनलं, सून गेली ओढ्याला, इसरली आसंल. म्या घातला. पडला का न्हाई ते कळंना. परत घातला. गालाला वल लागंस्तवर घालीत राह्यले." मग गोजाबाईंकडे वळून, पण जरा भलत्याच दिशेला तोंड करून म्हणाल्या, "गोजे, ऐकलंस का? आता गावात जाऊन ह्ये बी सांग. म्या घातलं. माज्या सुनंनं न्हाई."

विमल तेवढी बडबडत होती.

डॉक्टर म्हणाले, "धोतरा म्हणणारी बाई अगदीच चूक नाही. हे औषध त्याच खानदानातलं आहे. म्हणून तर एकच थेंब." मग आत्याबाईंच्या समोर हात धरून, "माँजी, ये कितनी उंगलियाँ?"

"बोटं मागनं मोजा," आत्याबाई फटकन म्हणाल्या. "आदी पोरीला बगा."

लाजल्या असतील बिचाऱ्या.

संध्याकाळी ताप उतरायला लागला. अंधार पडता पडता विमलनं पाणी मागितलं आणि मग बाहुली मागितली. बाहुली कुरुळीलाच राहिली होती. हे उठून सायकल घेऊन निघाले. मी म्हटलं, "एवढ्या लांब? बाहुलीसाठी?" तर म्हणाले, "मला दुसरं काय येतं?" आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. खांद्यावरच्या ओल्या पंच्याचा कोपरा माझ्या डोक्यावर आला होता, तो काढायचा असेल.

१६ एप्रिल

औषध परत घालायची गरजच पडली नाही. डॉक्टर म्हणाले, "बाहुल्या अजून दरवाज्यासारख्या उघड्या आहेत." अंधाऱ्या खोलीत आरशानं उजेड टाकून, पुढे भिंगं धरून त्यांनी नंबर काढला. विमल शहाण्यासारखी बसली. औषधाचा अंमल जायला आणखी आठवडा तरी लागेल, तोवर उन्हात छत्री.

आता घरचा कायदा: औषध कुणाचंही असो, घालणारा हात एकच, आणि घातलं की मोठ्यानं सांगायचं. आत्याबाईंनी मान हलवली. त्या घटनेपासून त्यांचा आवाज खाली आलाय. मला ते आवडत नाही.

१७ एप्रिल

भातात दोन खडे. मी माझा ताटाखाली सरकवला. ह्यांनी तर गिळलाच बहुतेक.

२५ एप्रिल

चष्मा आला! काळी जाड दांडी, कानामागे अडकणारी. विमल त्यात पोस्टमास्तरसारखी दिसते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, चमत्कार लगेच होईल असं नाही. पण संध्याकाळी मी तिची वेणी घालून तिला समोर वळवलं तर तिचे दोन्ही डोळे माझ्याकडे बघत होते. दोन्ही! आजवर तिचा एकच डोळा माझा असायचा, दुसरा आपल्याच नादात. मला एकदम कुणी तरी नवीन माणूस घरी आल्यासारखं झालं. मी उगाच पदर सारखा केला.

सगळा गाव बघून गेला. ज्या पोरांनी नाव ठेवलं होतं ती आता चष्मा एकदा घालून बघू दे म्हणून मागे लागली आहेत. विमल देत नाही.

गर्दी ओसरल्यावर आत्याबाईंनी तिला जवळ ओढलं. चष्म्याच्या काचेच्या कडेनं बोट फिरवलं, दांडीवरून कानापर्यंत नेलं. मग अगदी हळू विचारलं, "डोळा सरळ झाला का गं खरंच?"

विमल त्यांच्या नाकासमोर होती. दारातून ऊन थेट तिच्या तोंडावर पडलं होतं.

मी पातेलं खाली ठेवलं. खडे, मीठ, सुई, दारातलं माझं ते फुकट गेलेलं हसू, गालाला ओल लागेपर्यंत घातलेले थेंब, सगळं एकदम माझ्या डोक्यात लागोपाठ उभं राहिलं. व्हर्नाक्युलर फायनलला पहिली म्हणे! दोन महिने एका घरात राहून मला एवढं दिसलं नाही.

"आत्याबाई," मी म्हटलं, "कधीपासून?"

त्या विमलची वेणी चाचपत राहिल्या. "दोन वरीस. जोतीला सांगू नगंस. नवी सून आनली आन सासू आंधळी निगाली म्हनतील."

मी रात्रीच ह्यांना सांगितलं. शब्द मोडला, मोडला तर मोडला. हे अर्धा तास सायकल पुसत होते.

२८ एप्रिल

गोजाबाई वाटीत ताक घेऊन आल्या. ताकाचं निमित्त. हळूच म्हणाल्या, "ते थेंब ऱ्हायलेत का गं दोन? माज्या डोळ्याला सारखं पानी येतंय. पोरीचा डोळा बगा कसा सरळ झाला."

मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई गरजल्या, अगदी जुन्या आवाजात, "धोतरा पायजे व्हय तुला? ज्याच्या नावाचं औषध त्याच्याच डोळ्यात जायाचं! डोळा चष्म्यानं सरळ झालाय, थेंबानं न्हाई. तुजा डोळा दुखतोय तर दाक्तरकडं चल." आणि मला, "दुर्गे, ती बाटली दे त्या दाक्तरला परत. घरात नगं."

गोजाबाई ताक परत घेऊन गेल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

५ मे

आज आत्याबाईंना घेऊन लालवाणी डॉक्टरांकडे गेलो. हे, मी, विमल, आणि ऐन वेळी गोजाबाईही. पूर्ण वऱ्हाड.

त्यांच्याही बाहुल्या मोठ्या करून बघायच्या होत्या. पण डॉक्टरांनी लगेच थेंब काढला नाही. आधी खूप विचारलं. डोळा कधी ठणकतो का, दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं का, डोकं धरून उलटी होते का. मग पापण्या मिटायला लावून दोन बोटांनी डोळे हलकेच दाबून बघितले. मला सांगितलं, "म्हाताऱ्या डोळ्यात पाण्याचा दाब वाढलेला असला तर याच थेंबानं डोळा जाऊ शकतो. म्हणून घरी कुणी कुणाचं औषध घालायचं नाही." गोजाबाई खिडकीबाहेर बघत बसल्या. दाब ठीक निघाला. औषधही वेगळं होतं, विमलच्या औषधापेक्षा सौम्य, लवकर उतरणारं.

आत्याबाईंनी डोळे घट्ट मिटले. तेव्हा विमल खुर्चीवर चढली आणि पोस्टमास्तरच्या थाटात म्हणाली, "आज्जे, वर बग. मिटायचं न्हाई. एकच थेंब अस्तो." डॉक्टरांनी थेंब टाकला आणि कोपरा दाबायचं काम तिला दिलं.

मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत आहे. थंडीत ऑपरेशन करू म्हणाले, दिसेल. मग आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की मोतीबिंदूचा पडदा मधोमध आहे, बाहुली मोठी झाली की काही जणांना थोडा वेळ कडेनं बरं दिसतं. मी ते आत्याबाईंना सांगितलं नव्हतं. उगाच आशा नको.

थोड्या वेळानं त्यांनी विमलचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि बघतच राहिल्या. विमलनं चष्मा सावरला. ह्यांनी तोंड फिरवलं. पुसायला इथे सायकल नव्हती.

मग आत्याबाई माझ्याकडे वळल्या. पापण्या बारीक करून कपाळापासून हनुवटीपर्यंत मला बघितलं, बाजारात म्हैस बघतात तसं.

"नकटी हायस की गं तू!"

गोजाबाई फिसकन हसल्या. "आत्याबाई, तुम्ही मला बघायला आला होता की नारायणगावला!"

"आले व्हते. कुनाला काय दिसत व्हतं? समदं धुकं. सूनमुखाच्या आरशात बी धुकंच. म्हनलं, ब्येस हाय." त्यांनी माझं नाक चिमटीत धरून पाहिलं, खात्री केली. "आत तू तुज्या आईला इचारलंस, पाव्हन्यांच्या बैलांना पानी दावलं का म्हनून. तेवढं ऐकलं म्या. जोतीला म्हनलं, हीच."

मी तसं विचारल्याचं मला आठवत नाही. विचारलं असेल. बैल तहानलेले असतील.